राणी न झालेली सून : जॉर्डनच्या मुना अल-हुसेन यांचं प्रकरण

आमच्याकडे लग्नात एक पद्धत होती, काही घरांत अजूनही आहे, तांदळाचं ताट पुढे ठेवतात आणि नवरा अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव लिहितो. माझ्या आईचं नाव तसंच बदललं, माहेरची शकुंतला सासरी सुनंदा झाली, आणि मामा घरी येऊन "शकू" म्हणून हाक मारायचे तेव्हा आई क्षणभर वेगळीच कुणीतरी वाटायची, कुणाची तरी लाडकी पोर. हे एवढ्यासाठी सांगतेय की मी ज्या बाईंबद्दल लिहायला बसलेय त्यांचंही नाव लग्नात बदललं, पण त्यांच्या बाबतीत नावाबरोबर धर्म, भाषा, देश, सगळंच बदललं आणि तेही विसाव्या वर्षी.

मी पंचवीसेक वर्षं नर्सिंग शिकवलं. मुना अल-हुसेन हे नाव मला पहिल्यांदा भेटलं ते नर्सिंगच्याच संदर्भात, राजघराण्याच्या नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या पूर्व भूमध्य विभागात नर्सिंग आणि मिडवायफरीच्या पेट्रन म्हणून २००३ पासून त्यांचं नाव आहे. मला वाटलं असेल कुणी अरब राजकन्या, समारंभाला येऊन फीत कापणारी. मग वाचायला लागले तर कळलं की ह्या इंग्लंडमधल्या सफोकमधल्या चेल्मोंडिस्टन नावाच्या गावात जन्मलेल्या, २५ एप्रिल १९४१ ला, माहेरचं नाव टोनी ॲव्हरिल गार्डिनर, वडील ब्रिटिश सैन्यात अधिकारी. आणि आज जॉर्डनच्या गादीवर बसलेले राजे अब्दुल्ला हे त्यांचे थोरले चिरंजीव.

मला ह्या प्रकरणातलं जे कोडं वाटतं ते आधीच मांडते. मुना यांचे पती, जॉर्डनचे तेव्हाचे राजे हुसेन, यांची एकूण चार लग्नं झाली. पहिल्या दिना, त्या राणी. तिसऱ्या आलिया, त्या राणी. चौथ्या नूर, त्याही राणी. मधल्या दुसऱ्या मुना, त्यांना मात्र कधीच राणी म्हटलं गेलं नाही, त्या प्रिन्सेस होत्या, घटस्फोटानंतरही प्रिन्सेसच राहिल्या आणि मुलगा राजा झाल्यावरसुद्धा प्रिन्सेसच. आणि चौघींपैकी गादी मिळाली ती त्यांच्याच मुलाला. हे नुसतं नशीब म्हणून सोडून द्यावं असं मला वाटत नाही.

आधी तो काळ समजून घ्यायला हवा, नाहीतर हे लग्न म्हणजे परीकथा वाटेल. हुसेन यांचा जन्म १४ नोव्हेंबर १९३५ चा. २० जुलै १९५१ ला जेरुसलेमच्या अल-अक्सा मशिदीत त्यांच्या आजोबांना, राजे अब्दुल्ला पहिले यांना, गोळ्या घातल्या तेव्हा हा पंधरा वर्षांचा पोरगा शेजारी होता, एक गोळी त्याच्याही छातीवर आली आणि युनिफॉर्मवरच्या मेडलला लागून उडाली असं सांगतात. वर्षभरात वडिलांना, राजे तलाल यांना, आजारपणामुळे गादीवरून दूर केलं आणि १९५३ च्या मे महिन्यात सतराव्या वर्षी हुसेन यांनी पूर्ण कारभार हातात घेतला. १ मार्च १९५६ ला त्यांनी आपल्याच सैन्याचे ब्रिटिश प्रमुख ग्लब पाशा यांना काढून टाकलं, कारण सगळीकडे बोललं जात होतं की जॉर्डन म्हणजे ब्रिटिशांच्या हातातलं बाहुलं. त्याच वर्षी सुएझचं युद्ध. कैरोच्या रेडिओवरून ब्रिटिशांच्या कट्टर विरोधकाचा, इजिप्तचे अध्यक्ष नासर यांचा, आवाज घराघरात. १४ जुलै १९५८ ला बगदादमध्ये हुसेन यांचे चुलतभाऊ, इराकचे तेवीस वर्षांचे राजे फैसल दुसरे, कुटुंबासकट मारले गेले. २९ ऑगस्ट १९६० ला अम्मानमध्ये पंतप्रधान हज्जा अल-मजाली यांच्या ऑफिसात बॉम्ब फुटला आणि ते गेले.

आणि अशा वेळी, ग्लब पाशांना घालवून जेमतेम पाच वर्षं झालेली असताना, हा राजा म्हणतो मला इंग्रज मुलीशी लग्न करायचंय, आणि मुलगी कुणाची तर ब्रिटिश सैन्यातल्या अधिकाऱ्याची जे जॉर्डनच्या सैन्याला सल्ला द्यायला अम्मानमध्ये आलेले. रेडिओवाल्यांना आयतंच कोलीत. माझ्या मते ह्या प्रकरणातली पहिली मोठी रिस्क इथे होती आणि ती दोघांचीही होती. त्यांच्या गादीची आणि तिच्या जिवाची.

भेट कशी झाली याबद्दल बऱ्याच गोष्टी फिरतात. एक म्हणजे ती एका गाजलेल्या हॉलिवूड सिनेमाच्या सेटवर सेक्रेटरीचं काम करत होती आणि राजे शूटिंग बघायला गेले. ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते पण तारखा बघितल्या तर पटत नाही, त्या सिनेमाचं जॉर्डनमधलं शूटिंग मे १९६१ मध्ये सुरू झालं, साखरपुडा जाहीर झाला तो त्याच मेच्या सुरुवातीला आणि लग्न २५ तारखेला. मग भेटले कधी, आवडले कधी, घरच्यांना सांगितलं कधी? दुसरी गोष्ट जास्त खरी वाटते. हुसेन यांना गाड्यांचं, विमानांचं आणि त्या काळात नवीनच आलेल्या गो-कार्टचं वेड होतं, अम्मानमधल्या परदेशी कुटुंबातली तरुण पोरं तिथे जमायची आणि त्यात टोनी होती. एका फॅन्सी ड्रेस पार्टीला राजे समुद्री चाच्याच्या वेषात उभे होते आणि तिने त्यांना तोंडावर सांगितलं की किती गबाळे दिसताय म्हणून, अशी आठवण सांगितली जाते. ज्या माणसाला रोज उठून कोण मारायला येईल याचा विचार करावा लागतो, ज्याच्यासमोर सगळे माना खाली घालून बोलतात, त्याला एका विशीतल्या मुलीने असं बिनधास्त बोलणं किती मोकळं वाटलं असेल.

आता कायद्याचा भाग, कारण प्रकरण अभ्यास म्हटलं की हा सोडून चालत नाही. जॉर्डनची राज्यघटना १९५२ ची आणि तिचं २८ वं कलम गादीच्या वारसाबद्दल. वारसा पुरुषांकडून, बापाकडून मुलाकडे. आई कुठल्या देशाची, कुठल्या वंशाची याची अट नाही. पण गादीवर बसणारा मुसलमान हवा, शुद्धीत असलेला हवा, कायदेशीर बायकोच्या पोटचा हवा आणि त्याचे आई-वडील मुसलमान हवेत. आई-वडील, दोघंही. म्हणजे टोनीने लग्नाआधी इस्लाम स्वीकारला तो तिच्या पोटच्या मुलाचा हक्क तिथे ठरत होता म्हणूनही महत्त्वाचा होता. मुसलमान पुरुषाला ख्रिश्चन बायकोशी लग्न करायला इस्लाममध्ये तशी मनाई नाही, नुसतं लग्नच करायचं असतं तर धर्म न बदलता चाललं असतं. पण मग मुलगा राजा होऊ शकला नसता.

नाव ठेवलं मुना अल-हुसेन. मुना म्हणजे इच्छा, मनातल्या आशा. मुना अल-हुसेन, म्हणजे हुसेनच्या मनातली इच्छा. किती गोड नाव आहे आणि तरी मला ते वाचताना तांदळाचं ताटच आठवतं, कारण त्या नावात ती स्वतः कुठेच नाही, जे आहे ते त्यांच्याकडून आहे. लग्न २५ मे १९६१ ला अम्मानच्या झहरान पॅलेसमध्ये झालं. हा पॅलेस सासूबाईंचा, राणी झैन यांचा, आणि ह्या सासूबाई साध्यासुध्या नव्हेत, सासरे गेल्यावर आणि नवरा आजारी पडल्यावर मुलाची गादी ज्यांनी सांभाळून ठेवली त्या ह्या. २५ मे हा जॉर्डनचा स्वातंत्र्यदिन, १९४६ साली ब्रिटिशांपासून देश पूर्ण स्वतंत्र झाला तो दिवस, आणि बरोबर त्याच दिवशी राजाने ब्रिटिश मुलीशी लग्न केलं.

टायटलचा निर्णय ह्या सगळ्यातूनच आलेला आहे असं मला वाटतं. त्या वेळी असं सांगण्यात आलं की तिला स्वतःलाच राणी व्हायचं नाही. असेलही तसं, वीस वर्षांच्या मुलीला त्या मुकुटाची भीती वाटली तर नवल नाही. आणि राजकारणाच्या हिशोबाने बघितलं तरी इंग्रज मुलगी "जॉर्डनची राणी" म्हणून १९६१ मध्ये लोकांसमोर उभी करणं म्हणजे विरोधकांच्या हातात दगड देणं. सतरा वर्षांनी १९७८ मध्ये अमेरिकेत वाढलेल्या लिसा हलबी यांच्याशी लग्न झालं तेव्हा त्यांना राणी नूर केलं गेलं, त्यांचे वडील नजीब हलबी सीरियन वंशाचे, म्हणजे नावात अरब होतंच, आणि तोपर्यंत हुसेन यांचं आसनही पक्कं झालेलं. तोच राजा, तोच देश, परदेशात वाढलेली बायको दोन्ही वेळा, पण काळ वेगळा म्हणून टायटल वेगळं.

इथे पहिल्या बायकोचं उदाहरण शेजारी ठेवून बघा. दिना बिंत अब्दुल हमीद, कैरोत वाढलेल्या, स्वतः हाशेमी, म्हणजे हुसेन यांच्याच राजघराण्यातल्या, केंब्रिजला शिकलेल्या, हुसेनपेक्षा वयाने मोठ्या. कागदावर ह्यापेक्षा योग्य सून मिळणं शक्य नाही. १९५५ मध्ये लग्न, लगेच राणी, १९५६ मध्ये मुलगी आलिया (तिसऱ्या राणी आलिया त्या वेगळ्या), आणि १९५७ मध्ये घटस्फोट. मुलगी सासरी राहिली आणि मायलेकींची ताटातूट झाली. म्हणजे रक्त, शिक्षण, मुकुट, भाषा सगळं असलेली सून दोन वर्षांत बाहेर आणि ह्यातलं काहीच नसलेली मुलगी अकरा वर्षं संसार करते. दिना यांची स्वतःची मतं होती, स्वतःची ओळख होती, त्या घरात त्यासाठी जागा नव्हती असं म्हणता येईल. मुना यांनी सुरुवातीपासून राजकारणापासून अंग राखलं.

अम्मानच्या बाहेर हुम्मर म्हणून भाग आहे तिथे त्यांचं घर होतं, राजवाडा म्हणण्यापेक्षा मोठं घर. ३० जानेवारी १९६२ ला अब्दुल्ला, ऑक्टोबर १९६३ मध्ये फैसल, आणि एप्रिल १९६८ मध्ये जुळ्या मुली आयेशा आणि झैन, झैन हे सासूबाईंचंच नाव. मधे १९६७ चं युद्ध झालं, जेरुसलेमसकट वेस्ट बँक हातची गेली, लाखो निर्वासित नदी ओलांडून आले. १९७० मध्ये तर अम्मानच्या रस्त्यांवर सैन्य आणि पॅलेस्टिनी गट यांच्यात लढाई, राजाच्या गाड्यांच्या ताफ्यावर हल्ले. ह्या सगळ्यात ही बाई चार मुलं वाढवत होती. मुलं पुढे इंग्लंड-अमेरिकेत शिकली, अब्दुल्ला सरेमधल्या शाळेत, मग मॅसॅच्युसेट्समध्ये, मग सँडहर्स्टची मिलिटरी अकॅडमी.

अब्दुल्ला जन्मल्या जन्मल्या क्राउन प्रिन्स झाले होते पण ते टिकलं फक्त तीन वर्षं. १ एप्रिल १९६५ ला हुसेन यांनी आपल्या धाकट्या भावाला, अठरा वर्षांच्या हसन यांना, वारस केलं आणि त्यासाठी घटनेत बदल करून भावालाही वारस नेमता येईल अशी सोय केली. कारण समजण्यासारखं आहे, उद्या राजाला काही झालं तर तीन वर्षांच्या पोराच्या नावाने राज्य कोण चालवणार, आणि हुसेन यांनी स्वतः अल्पवयीन राजा म्हणून ते अनुभवलेलं. पण एका आईच्या बाजूने बघितलं तर? तुमचा मुलगा आता कधी राजा होणार नाही, हे तिला कळलं असणार. आणि मुलाची आई इंग्रज आहे ही गोष्ट त्या निर्णयाच्या वेळी कुणाच्याच डोक्यात नसेल असं मी तरी मानत नाही, कुणी लिहून ठेवलं नसलं तरी.

इथे आपल्या लोकांना जवळचं एक उदाहरण आहे, इंदूरच्या होळकरांचं. तुकोजीराव होळकर तिसरे यांनी १९२८ मध्ये अमेरिकन नॅन्सी मिलर यांच्याशी लग्न केलं, त्याआधी त्यांची शुद्धी करून त्यांना हिंदू करून घेतलं आणि नाव ठेवलं शर्मिष्ठाबाई, म्हणजे धर्म आणि नाव दोन्ही बदलून सून करून घेण्याची तीच रीत. त्यांचे पुत्र यशवंतराव दुसरे यांनीही पुढे अमेरिकन बायको केली, त्यांना रिचर्ड नावाचा मुलगा झाला. पण डिसेंबर १९६१ मध्ये यशवंतराव गेले तेव्हा त्यांच्या नावाच्या गादीवर रिचर्ड आले नाहीत, पहिल्या मराठा पत्नीची, कागलच्या संयोगिताराजेंची, मुलगी उषाराजे वारस झाल्या. १९६१, म्हणजे टोनीची मुना झाली तेच वर्ष. तेव्हा तर संस्थानं खालसा होऊन नुसता मान आणि तनखा उरला होता, तरीसुद्धा परदेशी आईचा मुलगा गादीला चालला नाही. म्हणून जॉर्डनमध्ये जे झालं ते आपोआप होणारं नव्हतं हे लक्षात येतं.

आता माझ्या विषयाकडे येते. १९६२ मध्ये, म्हणजे लग्नाला एखादं वर्ष झालेलं, मुलगा नुकता झालेला, तेव्हा जॉर्डनच्या सैन्याच्या वैद्यकीय सेवेशी जोडलेलं नर्सिंग कॉलेज सुरू झालं, प्रिन्सेस मुना कॉलेज ऑफ नर्सिंग. ते आजही आहे, आता मुताह युनिव्हर्सिटीशी जोडलेलं. हे वाक्य वाचून बाकीचे लोक पुढे जातील, मी नाही जाऊ शकत. मी नर्सिंगला गेले तेव्हा आमच्या आत्याने घर डोक्यावर घेतलं होतं, कुणाकुणाची घाण काढायची पोरीने, रात्रीची ड्युटी, परक्या पुरुषांना हात लावायचा, हिचं लग्न कसं होणार. आणि खरंच दोन स्थळं ह्याच कारणाने गेली, एका ठिकाणी तर चहाचे कप टेबलावर असताना मुलाच्या आईने विचारलं की लग्नानंतर नाइट सोडणार ना, आणि मी नाही म्हटल्यावर त्यांनी कप तसाच अर्धा ठेवला. तो अर्धा कप मी अजून विसरले नाही. माझ्या आईने तो उचलून मोरीत ओतला आणि एक शब्द बोलली नाही. दुसऱ्या दिवशी माझी टोपी स्टार्च करून पिना लावून ठेवली होती, बस.

हे आपल्याकडे आणि तेही १९८० नंतर. मग १९६२ च्या जॉर्डनमध्ये, जिथे मुलीने घराबाहेर राहून अनोळखी पुरुषांची सेवा करायची हेच पचायला अवघड, तिथे नर्सिंग कॉलेजला राजाच्या बायकोचं नाव असण्याने काय होतं हे मला चांगलं समजतं. एखाद्या बापाला चारचौघांत सांगता येतं की माझी मुलगी प्रिन्सेसच्या कॉलेजात आहे. तेवढं एक वाक्य कितीतरी पोरींची वाट मोकळी करतं. हॉस्पिटलला नाव देणं सोपं आहे, डॉक्टरांच्या बाजूला उभं राहणं सोपं आहे, नर्सच्या बाजूला उभं राहणं सोपं नाही. मुना यांनी तो विषय साठ वर्षांहून जास्त काळ धरून ठेवला. २००२ मध्ये जॉर्डनियन नर्सिंग कौन्सिल झाली, तिच्या प्रमुख त्या. शिक्षणाचे निकष, लायसन्स, स्पेशलायझेशन हे सगळं कंटाळवाणं वाटणारं काम, कमिट्यांचं काम, ज्याचे फोटो मासिकांत येत नाहीत.

मग डिसेंबर १९७२. घटस्फोट झाला आणि त्याच महिन्यात, २४ तारखेला हुसेन यांनी आलिया तुकान यांच्याशी लग्न केलं. आलिया नाबलुसच्या पॅलेस्टिनी घराण्यातल्या, १९७० च्या जखमा ताज्या असताना पॅलेस्टिनी मुळाची राणी असणं याला मोठा अर्थ होता. मुना तेव्हा एकतीस वर्षांच्या, पदरात चार मुलं, धाकट्या जुळ्या जेमतेम साडेचार वर्षांच्या. कुणालाही वाटेल की आता ही बाई इंग्लंडला परत जाईल, आई-वडिलांकडे, आपल्या भाषेत, आपल्या हवेत. त्या गेल्या नाहीत. टायटल त्यांच्याकडे राहिलं, जॉर्डनमध्येच राहिल्या आणि काम चालू ठेवलं.

माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय आहे, लग्नापेक्षाही. लग्न वीस वर्षांच्या मुलीने प्रेमात पडून केलं, त्यात विचार किती आणि ओढ किती कोण सांगणार. पण एकतिसाव्या वर्षी, नवरा दुसरीचा झाल्यावर, त्याच शहरात, जिथे नवीन राणीचे फोटो भिंतींवर लागलेत, तिथे राहायचं ठरवणं हा पूर्ण शुद्धीतला निर्णय आहे. आपल्याकडे टाकलेली बाई माहेरी परत येते नाहीतर सासरच्या कोपऱ्यात मान खाली घालून राहते, ह्या दोन्हीपैकी काहीच न करता स्वतःच्या कामाच्या जोरावर तिसरीकडे उभं राहायचं हे फार थोड्यांना जमतं. अर्थात त्यांच्याकडे पैसा होता, टायटल होतं, मुलं राजाची होती, सामान्य बाईकडे ह्यातलं काहीच नसतं, हे विसरून चालणार नाही. आणि राहण्याचं एक साधं कारण मुलं हेही असणार. दिना यांचं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं, देश सोडला की मुलं सुटतात.

मुना यांनी उघडपणे सवतीबद्दल, नवऱ्याबद्दल काही बोलल्याचं माझ्या वाचनात कधी आलं नाही. ९ फेब्रुवारी १९७७ ला तफिलाहून परतताना हेलिकॉप्टर कोसळून राणी आलिया गेल्या, त्यांची पावणेतीन वर्षांची मुलगी हया आणि वर्षाचा मुलगा अली मागे राहिले, अम्मानच्या एअरपोर्टला आज त्यांचंच नाव आहे. मग १९७८ मध्ये नूर आल्या. मुना आपल्या जागी. राजघराण्यातल्या माणसांचं मौन आपण मोठेपणा म्हणून बघतो पण मला वाटतं त्यात एक सराव असतो, जसा वॉर्डात काम करणाऱ्या बाईला असतो, आत काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही कारण समोर पेशंट आहे.

मुलं बघा कुठे गेली. अब्दुल्ला सैन्यात, स्पेशल फोर्सेसचे प्रमुख झाले. फैसल हवाई दलाचे प्रमुख झाले. आयेशा सँडहर्स्टला ट्रेनिंग घेऊन जॉर्डनच्या सैन्यात मोठ्या हुद्द्यापर्यंत गेल्या, आणि अरब राजघराण्यातल्या मुलीसाठी ही साधी गोष्ट नाही. आजोबा सैन्यातले, वडील सैन्यातले, त्याचं नवल नाही, पण गादीच्या रांगेतून बाहेर काढलेल्या मुलाला आईने कडवट होऊ दिलं नाही ह्याचं मला कौतुक आहे. तेहतीस वर्षं तो मुलगा वारस नव्हता. तेवढ्या वर्षांत त्याने सैनिकांमध्ये राहून आपली माणसं जोडली.

आणि मग जानेवारी १९९९. हुसेन कॅन्सरच्या ट्रीटमेंटसाठी अमेरिकेत मेयो क्लिनिकमध्ये होते, १९ तारखेला अम्मानला परतले, आणि आठवड्याच्या आत हसन यांना लांबलचक पत्र लिहून वारस पदावरून दूर केलं आणि अब्दुल्ला यांना नेमलं. चौतीस-एक वर्षं वारस असलेला भाऊ एका पत्राने बाजूला. त्या पत्रात सैन्याच्या कारभारात हस्तक्षेप केल्याची नाराजी होती, घरातल्या कुरबुरींचंही दुखणं होतं. ७ फेब्रुवारीला हुसेन गेले आणि त्याच दिवशी अब्दुल्ला यांनी शपथ घेतली. हसन यांच्या पत्नी सरवत ह्या मूळ आपल्या उपखंडातल्या, १९४७ मध्ये कोलकात्यात जन्मलेल्या, पाकिस्तानी डिप्लोमॅट कुटुंबातल्या. त्याही परदेशी सूनच, आणि राणी होण्याच्या अगदी उंबरठ्यावरून मागे फिरल्या. एका परदेशी सुनेचा मुलगा राजा झाला आणि दुसरीचा मुकुट हुकला, आणि दोघींच्या हातात ह्यातलं काही नव्हतं, ठरवणारा आजारी माणूस एकच होता.

अब्दुल्ला राजे झाले तेव्हा कुजबुज झालीच. आई इंग्रज, शिक्षण परदेशात, अरबीपेक्षा इंग्रजी सफाईदार. पैगंबरांच्या ४१ व्या पिढीतला वंशज आणि अरबी अडखळत बोलतो हे लोकांना खुपलं. पण बायको रानिया पॅलेस्टिनी घराण्यातली, सैन्य पाठीशी, आणि बापाचा शेवटचा शब्द. आईच्या जन्मगावाचा मुद्दा त्यापुढे मागे पडला. शिवाय ती आई अडतीस वर्षं त्याच देशात राहिलेली, तिला परकी म्हणायचं तरी कसं? १९६१ मध्ये जी गोष्ट गादीला धोका वाटत होती ती १९९९ मध्ये जवळजवळ कुणाच्या लेखी राहिली नव्हती, आणि ते मुना यांच्या रोजच्या वागण्यानेच घडलं असं माझं ठाम मत आहे. त्या १९७२ मध्ये इंग्लंडला परत गेल्या असत्या, तिकडे दुसरं लग्न केलं असतं, पेपरांना मुलाखती दिल्या असत्या, तर "इंग्रज बाईचा मुलगा" हे शब्द किती जड झाले असते.

१ जून २०२३ ला त्याच झहरान पॅलेसमध्ये मुना यांच्या नातवाचं, क्राउन प्रिन्स हुसेनचं लग्न झालं. नवरी राजवा, सौदीची, आपला मुलूख सोडून आलेली आणखी एक मुलगी. माझी लेक मोबाईलवर ते लग्न बघत होती, तिला ड्रेस बघायचे होते, राणी रानियांचा, आलेल्या पाहुण्यांचा. मला म्हणाली आई बघ ना काय सुंदर आहे नवरी. मी बघत होते ती ब्याऐंशी वर्षांच्या आजीकडे. तिने विचारलं ह्या कोण, तर प्रिन्सेस मुना असं सांगायला तोंड उघडलं आणि माझ्या तोंडून भलतंच आलं, मामा आले की दारातून यायची तशी हाक आली. म्हटलं, ही टोनी.